हेरांच्या कथा आणि आपलें घर

गेल्या महिन्यांतील एका रविवारीं दुपारीं आमचा डोळा लागतो न लागतो तोंच बाहेरच्या गॅलरींत मोठा गलका झाला. हिंदमाता चौकाच्या आसपास राहणारांस गलका नवा नाहीं. लग्नसराईंत येथील साड्यांच्या दुकानांपुढें पाऊल ठेवावयास जागा उरत नाहीं. आणि पावसाळ्यांत चौकांत पाणी भरलें म्हणजे अडकलेल्या मोटारींचे भोंगे रात्रीं उशिरापर्यंत कानाशीं वाजत असतात. परंतु हा गलका निराळा होता. ‘धरा, धरा, फितूर पळाला!’ अशी आरोळी ऐकूं आली म्हणून आम्ही चष्मा चढवून बाहेर आलों. पाहतों तों आमचा दहा वर्षांचा नातू स्वयंपाकघरांतलें लाटणें पिस्तुलासारखें रोखून उभा, त्याच्यामागें मजल्यावरचीं चार-पांच मुलें, आणि कोपऱ्यांत पाण्याच्या पिंपाआड तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांतला एक मुलगा दोन्ही हात वर करून बसलेला.

चौकशी करतां कळलें कीं, हा ‘एजंट-एजंट’ नांवाचा खेळ उन्हाळ्याच्या सुटीपासून चालला असून त्यांत शत्रूचा हेर होण्याचें काम रोज त्या एकाच मुलाकडे येतें.

“कां रे, रोज त्यालाच कां?” आम्हीं विचारलें.

“आजोबा, सिनेमांत तसेंच असतें कीं! त्याचें नांवच तसें आहे,” नातवानें सहज उत्तर दिलें.

तो मुलगाही हंसला. त्याचें नांव येथें छापण्याचें कारण नाहीं. वाचकांनीं तें कोणत्या जातीचें असेल हें ओळखलेंच असेल; आणि तें इतक्या सहज ओळखतां यावें, हेंच आजच्या लेखाचें कारण आहे. त्या मुलाच्या हंसण्यानें आमची त्या दिवसाची झोंप गेली ती गेलीच.

आमच्या एकत्र कुटुंबांत रात्रीं जेवणें उरकलीं म्हणजे सारीं माणसें पडद्यापुढें बसतात. सध्यां घरांत हेरांच्या मालिकांचें राज्य आहे. चिरंजीव म्हणतात, त्यांत देशाभिमान आहे. सूनबाईंस त्यांतील कथानकाची गुंतागुंत आवडते. आमच्या घरांतून असें मत पडतें कीं, सासू-सुनांच्या कुरापतींपेक्षां हे हेर बरे, निदान स्वयंपाकघरांत तरी शिरत नाहींत. थोरले बंधु मात्र ‘हें सगळें पोरें बिघडविण्याचें साधन आहे’ असें म्हणून उठून जातात आणि दाराआडून शेवटपर्यंत ऐकत राहतात. आम्ही स्वतः या कथांस नांवें ठेवूं शकत नाहीं. शाळेंत असतांना रूपावलीच्या आंत ठेवून आम्हीं ज्या गोष्टी वाचल्या, त्या याच जातीच्या होत्या. तेव्हां आज निंदा अथवा स्तुति न करतां, हेराची कथा आपल्या देशांत काळागणिक कशी बदलत गेली आणि तिनें आपल्या मनाचें काय केलें, एवढेंच पाहूं.

आपल्या पूर्वजांस हेराचें वावडें नव्हतें. राजास ‘चारचक्षु’ म्हणत. म्हणजे हेर हेच ज्याचे डोळे असा. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं इ. स. १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत हेरांचे नऊ प्रकार सांगितले आहेत: कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस हे एका जागीं राहणारे, सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी हे हिंडणारे. विद्यार्थी, शेतकरी, व्यापारी, बैरागी, भिक्षा मागणारी स्त्री, असा गांवांत दिसणारा जवळजवळ प्रत्येक माणूस त्या यादींत सांपडतो. हें वाचून प्रथम अंगावर कांटा येतो. परंतु त्याच ठिकाणीं आचार्यांनीं एक नियम घालून दिला आहे. एका हेराच्या बातमीवर विश्वास ठेवावयाचा नाहीं. एकमेकांस न ओळखणाऱ्या तिघांची बातमी जुळली तरच ती खरी मानावयाची, आणि ज्याची बातमी वारंवार खोटी ठरते त्यास गुपचूप शासन करावयाचें अथवा कामावरून दूर करावयाचें. हा नियम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. शेवटीं आपणांस त्याचें काम पडणार आहे.

आपल्या काव्यनाटकांतले हेरही पाहण्यासारखे आहेत. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’चा आरंभच मुळीं द्वैतवनांत परतलेल्या हेरापासून होतो, ब्रह्मचाऱ्याच्या वेषानें गेलेला तो वनेचर युधिष्ठिरास सांगतो कीं, दुर्योधन राज्य चांगलें चालवीत आहे. धन्यास न आवडणारी गोष्ट धन्याच्या तोंडावर सांगणें, हें त्याचें मोठेपण. भवभूतीच्या ‘उत्तररामचरितां’त दुर्मुख नांवाचा हेर लोकापवादाची बातमी रामाच्या कानीं घालतो, आणि खऱ्याखोट्याची शहानिशा न होतां एका निरपराध स्त्रीस वनवास घडतो. त्यानें ऐकलें तें इमानानें सांगितलें. पुढचा अन्याय ऐकणाराच्या हातून झाला.

विशाखदत्ताचें ‘मुद्राराक्षस’ तर अथपासून इतिपर्यंत हेरांचेंच नाटक आहे. कोणी यमाचा चित्रपट घेऊन दारोदार हिंडतो, कोणी गारुडी होतो, कोणी क्षपणक होतो. चंदनदास नांवाच्या जवाहिऱ्याच्या घरीं शत्रूच्या अमात्याचें कुटुंब लपलेलें असतें; एक लहान मूल दाराबाहेर डोकावतें, त्यास आंत ओढतांना आईच्या बोटांतली मुद्रिका घरंगळून हेराच्या पायाशीं येते, आणि तेथून सारें कारस्थान उभें राहतें. पण नाटक संपल्यावर आपल्या मनांत कोण उरतो? चाणक्याची बुद्धि उरते, यांत शंका नाहीं. परंतु तिच्याहूनही मित्राचें कुटुंब दाखवून न देतां सुळाकडे निघालेला चंदनदास, आणि त्याच्यासाठीं स्वतःहून शरण येणारा राक्षस, हे दोघे उरतात. शत्रूच्या पक्षांतही थोर मनुष्य असतो, एवढें उमजण्याइतका तो प्रेक्षक प्रौढ होता. आजच्या हेरपटांस आम्ही हीच कसोटी लावतों.

पारतंत्र्य आल्यावर या शब्दाचा अर्थच उलटला. जे डोळे राजाचे होते ते परक्या राजाचे झाले. ‘हेर’ म्हणजे सरकारी खबऱ्या, आपल्याच माणसास पकडून देणारा, असा अर्थ घरोघर रूढ झाला. त्याच काळांत १९०१ सालीं रुडयार्ड किपलिंगची ‘किम’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हा ग्रंथकार १८६५ सालीं आमच्या मुंबईंतच, जे. जे. कलाशाळेच्या आवारांत जन्मला. रशियाविरुद्ध इंग्रजांसाठीं हेरगिरी करणारा एक आयरिश पोरका मुलगा त्या कादंबरीचा नायक आहे आणि एक बंगाली बाबू त्याचा सहकारी. पुस्तक मोठें रसाळ आहे. पण त्यांतील सगळ्या चतुर हिंदी माणसांस इंग्रजांच्या चाकरींतच धन्यता वाटते. किपलिंगला जें दिसलें नाहीं तें पुण्यांत चार वर्षांपूर्वींच घडून गेलें होतें. २२ जून १८९७ रोजीं चाफेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. बक्षिसाच्या आशेनें द्रविड बंधूंनीं सरकारास माहिती पुरविली. आणि १८९९ च्या फेब्रुवारींत वासुदेव चाफेकर व महादेव रानडे यांनीं त्या दोघांस ठार केलें. जयू व नचिकेत पटवर्धन यांनीं १९७९ सालीं ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटांत हा प्रसंग मांडला आहे. साम्राज्याच्या कादंबरींत जो शूर, तो आमच्या वाड्यांत फितूर; एकाच कामाचीं हीं दोन नांवें कोण सांगतो यावर ठरत होतीं.

उघड बोलण्याची सोय नव्हती तेव्हां आपल्या लेखकांनीं इतिहास-पुराणांचा आडपडदा घेतला. खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. प्रेक्षकांस त्यांतला कीचक कोण हें सांगावें लागलें नाहीं, आणि सरकारासही नाहीं. म्हणून १९१० सालीं त्यावर बंदी आली. शिवकालाच्या गोष्टींतून बहिर्जी नाईक घरोघर पोंचला. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधीं त्यानें तें शहर हेरलें, असें परंपरा सांगते. स्वराज्याचा हेर हा पूज्य आणि परराज्याचा हेर हा नीच, ही विभागणी तेव्हांपासून आपल्या मनांत पक्की झाली. ती त्या काळीं न्याय्यच होती, असें आम्ही मानतों.

याच गिरगांव-चौपाटीच्या परिसरांत घडलेली एक कथा कोणत्याही कादंबरीहून सरस आहे. ‘चले जाव’चा ठराव झाल्यावर २७ ऑगस्ट १९४२ पासून बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवूं लागले. जागा पुन्हां पुन्हां बदलत त्यांनीं जवळजवळ तीन महिने देशास बातम्या पोंचविल्या. शेवटीं आपल्यांतीलच एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळें १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं त्या पकडल्या गेल्या. चौकशींत त्यांनीं मौन सोडलें नाहीं आणि येरवड्यास चार वर्षांची शिक्षा भोगली. या कथेवर ‘ऐ वतन मेरे वतन’ हा चित्रपट २०२४ सालीं निघाला. म्हणजे बेचाळीस सालच्या या वीरकन्येस पडद्यावर येण्यास ऐंशीहून अधिक वर्षें लागलीं. बंदुकीवांचून केलेली हेरगिरी दाखविण्यास चित्रपटवाल्यांचा हात लवकर धजत नाहीं, हेंही त्यावरून दिसतें.

स्वातंत्र्याच्या आगेमागें मराठी वाचकांवर बाबूराव अर्नाळकरांचें राज्य सुरू झालें. १९०६ सालीं जन्मलेल्या व १९९६ सालीं वारलेल्या, चंद्रकांत सखाराम चव्हाण या खऱ्या नांवाच्या गृहस्थानें हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय हीं नांवें गिरणगांवांतल्या कामगारापासून आमच्या शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत सर्वांस ठाऊक होतीं. मात्र हेडमास्तर तें कबूल करीत नसत. त्या कथांतला शत्रु बहुधा देशाबाहेरचा नव्हता. तो काळाबाजारवाला असे, गरिबांस नाडणारा लबाड शेठ असे. नवें राज्य आपलें झालें, पण न्याय अजून मिळाला नाहीं, ही रुखरुख त्या पिवळ्या पडलेल्या पानांत आहे.

पुढें १९६२ सालीं चीनशीं आणि १९६५ सालीं पाकिस्तानशीं युद्ध झालें, आणि शत्रु सीमेपलीकडे गेला. विलायतेंत इयान फ्लेमिंगनें १९५३ सालीं जेम्स बाँड निर्माण केला होता. १९६२ पासून तो पडद्यावर आला. साम्राज्य हातचें गेलेल्या राष्ट्रास आपला एक माणूस अजून जग वांचवितो आहे, असें समाधान त्यांत मिळालें. आपणांस तें सोंग निराळ्या कारणासाठीं आवडलें. तेलुगु ‘गूढचारी ११६’ वरून १९६७ सालीं जितेंद्र यांचा ‘फर्ज’ निघाला. १९६८ सालीं रामानंद सागर यांच्या ‘आँखें’ या चित्रपटानें प्रेक्षकांस बैरुत आणि जपान दाखवून आणलें. नवें राष्ट्र आतां घायाळ राहिलें नाहीं, परदेशांतही त्याचा हात पोंचतो, असें पाहण्याची भूक लोकांस लागली होती. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखालीं ‘रॉ’ ही परदेशी हेरगिरीची स्वतंत्र संस्था १९६८ च्या सप्टेंबरांत स्थापन झाली. ‘फर्ज’ त्याच्या आदल्या वर्षींचा. म्हणजे सरकारापूर्वीं सिनेमावाल्यांनींच तें खातें उघडलें होतें! मराठींतही गुरुनाथ नाईकांचे कॅप्टन दीप यांसारखे लष्करी पदव्या लावलेले नायक पुढें आले आणि झुंजाराच्या जागीं सरकारी शिक्क्याचा वीर बसला.

ज्या चित्रगृहावरून आमच्या चौकास हिंदमाता हें नांव पडलें, त्याच चित्रगृहांत आम्हींही असा एक हेरपट वडिलांची परवानगी न घेतां पाहिला होता. आणि येथें आम्हांस आमची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती आम्हीं चोपन्न वर्षें फारशी कोणास सांगितली नाहीं.

१९७१ चा डिसेंबर महिना होता. आम्ही बारा वर्षांचे होतों. युद्ध सुरू झालें तशी मुंबईंत रात्रीं काळोख पाळण्याची आज्ञा झाली. खिडक्यांच्या कांचांस काळे कागद चिकटविले गेले, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगविले गेले, भोंगा वाजला कीं सारी चाळ श्वास रोखून बसे. आमच्या समोरच्या चाळींत दुसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणारे गृहस्थ एकटे राहत. ते उत्तरेकडून आलेले होते, कानानें थोडे अधू होते, आणि त्यांचें नांव तळमजल्यावरच्या त्या मुलाच्या नांवासारखेंच होतें. आम्हीं रहस्यकथांतून शिकलेल्या पद्धतीनें त्यांच्यावर ‘पाळत’ ठेवली. एका वहींत वेळा टिपल्या. तीन रात्रीं आम्हांस त्यांच्या खिडकीच्या फटींतून उजेड दिसला आणि तो मधून मधून दिसेनासा होऊन पुन्हां दिसला. झालें! ही सांकेतिक खूण, विमानांस दिलेला इषारा, यांत आम्हांस तिळमात्र शंका उरली नाहीं. चौथ्या रात्रीं आम्ही गॅलरींत उभे राहून मोठ्यानें ओरडलों, “हेर! हेर!”

पुढचें आमच्या हातांत राहिलें नाहीं. खालचीं तरणीं पोरें जिना चढून गेलीं. त्या गृहस्थांस दंडाला धरून खालीं आणलें. त्यांचें शिवणयंत्र जिन्यावरून गडगडत आलें, त्याचा आवाज अजून आमच्या कानांत आहे. दोन दिवस त्यांची चौकशी झाली आणि कांहींएक निष्पन्न न होतां ते सुटून आले. प्रकार इतकाच होता कीं, खिडकीवरचा कागद एका कोपऱ्यांत फाटला होता, आणि दिव्यापुढून कापड फिरवितांना उजेड झांकला जात होता. लग्नाच्या कपड्यांचें काम होतें. तें वेळेवर द्यावयाचें म्हणून ते रात्रीं जागत होते. भोंगा त्यांस ऐकूं येत नसे. महिन्याभरांत त्यांनीं खोली सोडली. ते कोठें गेले हें कोणीं विचारलें नाहीं, आम्हींही नाहीं.

वडील फार बोलणारे नव्हते. त्यांनीं आमची वही मागून घेतली, पानें उलटून पाहिलीं आणि एवढेंच म्हणाले, “तूं काय पाहिलेंस?”

“उजेड हलतांना पाहिला,” आम्ही म्हणालों.

“मग तेवढेंच ओरडावयाचें होतेंस. ‘हेर’ हें तूं पाहिलेलें नव्हतेंस, वाचलेलें होतेंस.”

त्यांनीं मारलें असतें तर बरें, असें आम्हांस तेव्हां वाटलें. पुढें बत्तीस वर्षें शाळेंत मुलांचे तंटे तोडतांना आम्हीं हाच प्रश्न विचारीत आलों: काय पाहिलेंस तें सांग, काय वाटलें तें मागाहून. परंतु त्या गृहस्थांची क्षमा मागण्याचें राहून गेलें तें गेलेंच.

येथें कोणी म्हणेल, मग या गोष्टींचाच हा दोष. मुलांस त्या दाखवूंच नयेत. आमचें मत तसें नाहीं. कथा जशी डोळ्यांवर पट्टी बांधते तशी ती काढतेही. बाँड पडद्यावर आला त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९६३ सालीं, स्वतः हेरखात्यांत काम केलेल्या जॉन ल काऱ्हे यानें बर्लिनच्या भिंतीवरची एक कादंबरी लिहिली. तिच्यांत झगमगाट नाहीं. आपल्याच वरिष्ठांनीं वापरून टाकलेला एक थकलेला मनुष्य आहे. भिंत उभारली गेली १९६१ सालीं. दोनच वर्षांत तिच्या दोन्ही बाजूंचें पाप दाखविणारा लेखक पुढें आला. त्या वाचकांनीं बाँडही वाचला आणि ल काऱ्हेही वाचला, हें महत्त्वाचें.

आपल्याकडेही असेंच झालें आहे. ‘एजंट विनोद’ या एकाच नांवाचे दोन चित्रपट आहेत. १९७७ च्या चित्रपटांत एक शास्त्रज्ञ पळविला जातो आणि नायक त्यास सोडवून आणतो. २०१२ च्या चित्रपटांत एक अण्वस्त्रच देशोदेशीं फिरत असतें आणि शत्रु कोण हेंच शेवटपर्यंत धड कळत नाहीं. दोहोंच्यामध्यें पोखरण येथें १९९८ सालीं झालेले अणुस्फोट, २००१ सालचा अमेरिकेवरील हल्ला आणि २६ नोव्हेंबर २००८ ची आमच्या मुंबईची काळरात्र येऊन गेलेली आहे. त्या रात्रीनंतर या शहरांतील माणसांस पडद्यावर सूड पाहावासा वाटला, यांत नवल नाहीं. ज्यांनीं त्या तीन दिवसांतले आवाज ऐकले त्यांस आम्ही उपदेश करणार नाहीं. ‘बेबी’ आणि ‘फँटम’ हे २०१५ सालचे चित्रपट त्या जखमेंतूनच निघाले. त्याच काळांत ‘एक था टायगर’ मध्यें (२०१२) भारताचा हेर आणि पाकिस्तानची हेर स्त्री एकमेकांच्या प्रेमांत पडून दोन्ही खात्यांस चुकवून पळतात, हेंही लोकांनीं टाळ्या वाजवून पाहिलें. एकाच मनांत सूड आणि समेट अशा दोन्ही इच्छा एकत्र नांदतात. तिकिटाची खिडकी दोहोंसही उघडी असते.

आमच्या घरांतील स्त्रियांस सर्वांत अधिक लागला तो मेघना गुलजार यांचा ‘राझी’ (२०१८). १९७१ च्या युद्धापूर्वीं एक काश्मिरी मुसलमान मुलगी पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याच्या घरीं सून म्हणून जाते आणि तेथून भारतास बातम्या धाडते. सासर मायाळू आहे, नवरा सज्जन आहे. आणि तिच्या कर्तव्यापायीं त्याच घराचा विध्वंस होतो. चित्रपट संपल्यावर सूनबाई कितीतरी वेळ बोलल्या नाहींत; मग म्हणाल्या, “शत्रूच्या घरींही चहा आपल्यासारखाच करतात, हें कळल्यावर तिनें काय करावें?” आम्हांस एकदम चंदनदासाचें घर आठवलें. विशाखदत्तानें जें पाहिलें तें या बाईंनींही पाहिलें आहे. आणि ज्या नांवामुळें आमच्या गॅलरींत एका मुलास रोज फितूर व्हावें लागतें, त्याच तऱ्हेचें नांव या चित्रपटांत देशासाठीं सर्वस्व देणारीचें आहे!

२०१९ पासून आलेल्या ‘द फॅमिली मॅन’ या मालिकेंत तर नायक आपल्यापैकींच एक आहे. मुंबईंत राहणारा, पगारांत न भागणारा, मुलांच्या शाळेच्या सभेस उशिरा पोंचणारा, आणि आपण काय काम करतों हें घरीं सांगतां न येणारा. घरास फसवून देश राखावयाचा, ही त्याची कुतरओढ आमच्या चिरंजीवांस फार जवळची वाटते. परंतु त्याच मालिकेच्या पहिल्या पर्वांत एक निरपराध विद्यार्थी केवळ संशयावरून मारला जातो, आणि तें सत्य दडपलें जातें. आमच्या घरीं हा भाग चालू असतांना नातू झोंपला होता. मोठ्यांनीं पाहिला आणि दुसऱ्या दिवशीं त्याविषयीं कोणीं अवाक्षर काढलें नाहीं. पाठलाग मुलांस दिसले, पश्चात्ताप मात्र मोठ्यांच्या वांट्यास आला; आणि मोठ्यांनीं तो आपल्यापाशींच ठेवला. चूक असेल तर ती येथें आहे, असें आम्हांस वाटतें.

असो. त्या रविवारीं संध्याकाळीं आम्हीं नातवास जवळ घेऊन शिवणयंत्राची गोष्ट सांगितली. त्यानें ती मुकाट्यानें ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, “आजोबा, तुम्हीं त्यांना सॉरी म्हटलें?” आम्हांस नाहीं म्हणावें लागलें.

पुढच्या रविवारीं आम्हीं मुलांस दोन नियम घालून दिले. पहिला, कोणी काय व्हावयाचें तें चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचें. दुसरा कौटिल्याचा: तीन मुलांनीं वेगवेगळें बसून, एकमेकांस न विचारतां, केवळ डोळ्यांनीं पाहिलेलें कागदावर लिहावयाचें, तिघांचें जुळलें तरच फितुरास धरावयाचें. प्रथम मुलें कुरकुरलीं. परंतु खेळ पूर्वींपेक्षां अधिक रंगला, कारण आतां फितूर कोण हें खरोखरच कोणास ठाऊक नव्हतें! तिसऱ्या डावांत तिघांचे कागद जुळले नाहींत, तरी अधीर झालेल्या मंडळींनीं आमच्या नातवासच पिंपाआड नेऊन बसविलें. वास्तविक त्याच्या चिठ्ठींत ‘शास्त्रज्ञ’ असें लिहिलें होतें. तो लाल डोळ्यांनीं घरांत आला व म्हणाला, “मी कांहीं केलें नव्हतें, तरी कोणी ऐकेना.”

आम्हीं त्यावर कांहींच भाष्य केलें नाहीं. थोड्या वेळानें दारांत तळमजल्यावरचा तो मुलगा येऊन उभा राहिला. त्याच्या हातांत तिन्ही कागद होते. “आजोबा, हे जुळत नाहींत. याला चुकीचें धरलें,” तो म्हणाला आणि कागद आमच्यापुढें ठेवले. नातू डोळे पुसून त्याच्याबरोबर पुन्हां खेळावयास गेला.

वाचकहो, हेरांच्या कथा आपल्या घरीं येतच राहणार. आजची राजकारणाची हवा जशी असेल तसा त्यांतला शत्रु नवें नांव आणि नवा चेहरा घेऊन येईल. त्या पाहूं नका असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांबरोबर बसून पाहा, आणि दिवा मालविण्यापूर्वीं त्यांस एवढें विचारा: बाळ, यांत तूं काय पाहिलेंस, आणि तुला काय वाटावें म्हणून दाखविलें? आमच्या वडिलांनीं हा प्रश्न आम्हांस एक रात्र उशिरा विचारला. आपण तो वेळेवर विचारावा, एवढीच विनंती.